क्लाउडवरची वाटणी

तंत्रज्ञान माणसाला माणसाशी जोडतं, आणि तेच त्याचं युगकार्य आहे. हे वाक्य पांढऱ्या पडद्यावर निळ्या ठळक अक्षरांत उमटलं, तेव्हा पडद्यासमोरच्या पहिल्या रांगेत जे दोन भाऊ बसले होते, ते चार वर्षांपासून एकमेकांशी बोलत नव्हते.

थोरले पुंडलिकराव डाव्या टोकाला, धाकटे बाबाराव उजव्या टोकाला आणि मधल्या खुर्चीवर इंदुताई. ही बैठक नवी नव्हती. केळापूरच्या रस्त्यावरच्या या जिनिंगमध्ये, म्हणजे कापसातली सरकी काढायच्या कारखान्यात, एका भावाला दुसऱ्याला काही सांगायचं असलं, की तो इंदुताईंकडे तोंड करून बोले. इंदुताई तेच वाक्य पुन्हा म्हणेपर्यंत दुसरा ठार बहिऱ्यासारखा भिंतीकडे पाहत राही. बाबारावांच्या मुलीच्या लग्नपत्रिकेत नावांचा क्रम चुकला, तिथून हे सुरू झालं होतं. वेगळं निघावं असं दोघांनाही मनातून वाटे. पण समाजाच्या मेळाव्यात त्यांना 'आदर्श एकत्र कुटुंब' असा पुरस्कार मिळाला होता, आणि तो काचेच्या चौकटीत ऑफिसात टांगलेला होता. चौकटीखाली बसून वाटणीचा विषय काढायचा कसा?

मधला भाऊ, म्हणजे इंदुताईंचा नवरा, वारला त्याला बरीच वर्षं झाली. तेव्हापासून त्या जिनिंगमध्ये बसत होत्या. "मन रमते बिचारीचं," असं दोघंही भाऊ गावात सांगत. एवढ्या एका बाबतीत त्यांचं एकमत होतं. बीकॉम झालेल्या इंदुताईंचं मन वजनकाट्यावर रमत होतं. भरली गाडी तोलायची, कापूस उतरला की रिकामी गाडी तोलायची, पावतीवर सही करायची. शेतकरी पावती हातात आली की आधी सही पाहत. सही इंदुताईंची असली की घडी घालून खिशात टाकत, दुसऱ्या कुणाची असली की इंदुताई कुठे गेल्या म्हणून विचारत.

पडद्याजवळ उभा होता राजदीप, पुंडलिकरावांचा मुलगा. पुण्याला सॉफ्टवेअर कंपनीत होता, दसऱ्याला घरी आला होता, आणि येताना 'व्यवसायांसाठी क्लाउड नेटिव्ह: एक ओळख' घेऊन आला होता. लोक दसऱ्याला सोनं आणतात.

"आपला आताचा प्रोग्राम मोनोलिथ आहे," तो म्हणाला. म्हणाला अशा आवाजात, की घरात कुणाला काहीतरी लागण झाल्याचं रिपोर्टमध्ये निघालं असावं. "म्हणजे फाटकाची नोंद, काटा, भाव, पेमेंट, सगळं एकाच प्रोग्राममध्ये कोंबलेलं. एक अडलं की सगळं अडतं."

मागच्या रांगेत उमेरा बसली होती. तो प्रोग्राम तिनं लिहिला होता. जिनिंगची यंत्रं दुरुस्त करणाऱ्या साजिद मिस्त्रींची ही मुलगी अमरावतीहून एमसीए होऊन आली होती, आणि तिचा प्रोग्राम आजवर एकदाच अडला होता, तेही कुणीतरी वायरवर ट्रॅक्टर घातला म्हणून.

"काकू, तुम्हाला किचनच्या भाषेत सांगतो," राजदीप इंदुताईंकडे वळला. "एकाच ताटात सगळं वाढलं, तर वरण भाजीत जातं. त्यापेक्षा प्रत्येक पदार्थाचा वेगळा डबा..."

"कापसाच्या भाषेत सांग," इंदुताई म्हणाल्या. "मी इथं पोळ्या लाटायले येत नाई."

राजदीप पाणी प्यायला. मग सांगितलं, की मोठ्या प्रोग्रामचे लहान लहान तुकडे करायचे. प्रत्येक तुकडा ही एक सर्व्हिस. प्रत्येक सर्व्हिसला लागेल ते सामान तिच्याच डब्यात. हे सगळे डबे आपल्या ऑफिसात ठेवायचे नाहीत, क्लाउडवर ठेवायचे.

"क्लाउडवर म्हंजे कुठी?" बाबारावांनी इंदुताईंना विचारलं.

"दुसऱ्याच्या कॉम्प्युटरवर, काका. भाड्यानं."

"म्हंजे आपला कापूस, आपला काटा, अन् हिशोब लोकाच्या घरी," पुंडलिकराव इंदुताईंना म्हणाले. "पोट्ट्याले शिकोलं त्याचा उपेग झाला."

"बाबा, सीझनला गर्दी झाली की त्या सर्व्हिसच्या आपोआप जास्त प्रती तयार होतात. गर्दी संपली की प्रती कमी. आणि सगळ्यात महत्त्वाचं," राजदीपनं बोट वर केलं, "प्रत्येक सर्व्हिस स्वतंत्र. तिचा मालक वेगळा, तिची माहिती तिच्याजवळ. दुसऱ्यानं तिच्यात हात घालायचा नाही. काही हवं असेल, तर दारातून रीतसर मागायचं. तिला वाटलं तर ती देईल."

दोघंही भाऊ पडद्याकडे टक लावून पाहत होते. राजदीपला वाटलं, विषय कळला नाही. विषय इतका कळला होता, की पुंडलिकराव खुर्चीत सरळ होऊन बसले होते.

"हे तं वाटणीच झाली," ते हळूच म्हणाले.

"कागद बी करा लागत नाई," बाबाराव म्हणाले. दोघांचीही तोंडं इंदुताईंकडे होती, पण निरोप पोचवायची गरज पडली नाही.

चार वर्षं जे कुणाच्या तोंडून निघत नव्हतं, त्याला पुण्याहून सभ्य नाव आलं होतं. बाजार समितीत कुणी विचारलंच तर सांगता येणार होतं, की आम्ही काही वेगळे निघालो नाही, आम्ही क्लाउड नेटिव्ह झालो.

वाटणी तासाभरात झाली. भाव आणि पेमेंट पुंडलिकरावांकडे. फाटक आणि काटा बाबारावांकडे. राजदीप फळ्यावर चौकोन काढत गेला, चौकोनात काकाचं किंवा बापाचं नाव लिहीत गेला. शेवटी एक चौकोन उरला. तो कोपऱ्यात होता, आणि त्यापर्यंत पोचता पोचता खडूही संपत आला होता.

"नोटिफिकेशन," राजदीप म्हणाला. "शेतकऱ्यांना मेसेज पाठवणारी सर्व्हिस. ही काकूंकडे."

"अन् काटा?" इंदुताईंनी विचारलं.

"काटा बाबारावकाकांकडे गेला ना."

"काटा मी पाहतो," इंदुताई म्हणाल्या.

"पाहत होत्या वहिनी," बाबाराव म्हणाले. त्यांचा आवाज मवाळ होता. माणसाला खुर्चीवरून उठवताना तो तसा ठेवतात. "आता तुमाले आराम. उन्हातान्हात काहून उभं राहाचं? घरी बसून मेसेज पाठवा."

"काकू, खरं तर तुमचीच सर्व्हिस सगळ्यात क्रिटिकल आहे. सगळ्यांना तुमची गरज पडणार."

इंदुताईंनी फळ्याकडे पाहिलं. दोन भाऊ, दोन-दोन चौकोन, आणि निरोप सांगायला कोपऱ्यातली बाई. नवीन काय होतं यात? आतापर्यंत हे काम फुकटात चालायचं, आता त्याला इंग्रजी नाव पडलं, आणि त्या नावाच्या बदल्यात काटा गेला. मेलेल्या नवऱ्याचा तिसरा हिस्सा एका मेसेजात बसवला होता.

"म्हंजे माझा हिस्सा तोंड," त्या म्हणाल्या. "तुमचे हात, तुमची तिजोरी, अन् माझं तोंड. तेही तुमी सांगाल तेच बोलणारं."

"असं कायले मनाले लावून घेतं?" पुंडलिकराव म्हणाले.

कुणी मनाला लावून घेऊ नये असं ज्यांना वाटतं, ते तसं वागत का नाहीत, हा प्रश्न त्या घरात कधी विचारला गेला नव्हता. त्या दिवशीही गेला नाही. इंदुताई उठल्या आणि काट्याच्या खोलीतली आपली पाण्याची बाटली घेऊन घरी गेल्या.

राजदीप पुण्याला परतला आणि तुकडे पाडायचं काम उमेरावर पडलं. आपण चांगलं बांधलेलं घर भिंतीभिंतीनं उतरवून द्यायचं, वर त्याला प्रगती म्हणायचं, हे तिनं दात दाबून केलं. दोन्ही भाऊ आपापल्या नियमांचे निरोप घेऊन येऊ लागले.

बाबारावांचा नियम असा: दादाचा भाव कळल्याशिवाय माझ्या काट्यानं वजन सोडायचं नाही. आधी वजन सांगितलं, तर तो गाडी पाहून भाव पाडते.

पुंडलिकरावांचा नियम असा: वजन आल्याशिवाय माझा भाव बाहेर जायचा नाही. आधी भाव सांगितला, तर तो वजनात हात मारते.

उमेरानं दोन्ही नियम समोरासमोर ठेवून पाहिले आणि राजदीपला फोन लावला. "सर, ये दोनो लगाए तो एक भी गाडी नही निकलेगी. हा त्याची वाट पाहणार, तो ह्याची."

"दे आर बिझनेस रूल्स, उमेरा. क्लायंटनं सांगितलंय. तू इम्प्लिमेंट कर. सिस्टिम रिट्राय करेल."

"किती वेळा करेल?"

"उत्तर मिळेपर्यंत," राजदीप म्हणाला, आणि त्याला मीटिंग होती.

उमेरा इंदुताईंच्या घरी गेली. इंदुताईंनी सगळं ऐकून घेतलं, चप्पल घातली, पुंडलिकरावांकडे जाऊन त्यांना सांगितलं, मग बाबारावांकडे जाऊन त्यांना सांगितलं. "त्याले अगोदर सांगू दे," पुंडलिकराव म्हणाले. "त्यालेच अगोदर सांगू दे," बाबाराव म्हणाले. इंदुताईंनी ह्याचं उत्तर त्याला आणि त्याचं ह्याला पोचवलं, आणि उमेराला म्हणाल्या, "पोचवलं व बाई. माझं काम तेवढंच हाय आता. होऊ दे काय होते ते."

दिवाळी आटोपल्यावर मुहूर्ताची खरेदी निघाली. सकाळपासून ट्रॅक्टर, पिकअप, छोटे टेम्पो फाटकाबाहेर रस्त्याच्या कडेला लागले. काट्याची पूजा झाली. राजदीप खास आला होता आणि त्यानं पूजेत लॅपटॉपही ठेवला. पहिली गाडी मुकुटबनच्या सुखीबाईंची. रीत आहे, पहिल्या गाडीच्या मालकाला दुपट्टा-नारळ देतात. पुंडलिकरावांनी दुपट्टा घातला, बाबारावांनी नारळ दिला, दोघांनी एकाच फोटोत दोन दिशांना पाहिलं. इंदुताई काट्याच्या खोलीबाहेर उभ्या होत्या. पाहुण्या आल्या असाव्यात, तशी कुणीतरी त्यांना प्लास्टिकची खुर्ची आणून दिली. त्या बसल्या नाहीत.

सुखीबाईंची ट्रॉली काट्यावर चढली. स्क्रीनवर एक गोल फिरू लागला.

तो फिरतच राहिला.

काट्याला वजन ठाऊक होतं, पण तो भाव कळायची वाट पाहत होता. भावाला आकडा ठाऊक होता, पण तो वजनाची वाट पाहत होता. दोघंही सेकंदासेकंदाला एकमेकांच्या दारात जाऊन विचारत होते, आणि दोघंही दार उघडत नव्हते. दारात गर्दी झालेली पाहून क्लाउडनं आपलं कर्तव्य केलं. आणखी प्रती काढल्या.

"पाहा, ऑटो स्केलिंग!" राजदीप स्क्रीनकडे बोट दाखवून म्हणाला. त्याच्या चेहऱ्यावर खराखुरा आनंद होता. "काटा सर्व्हिसच्या चाळीस कॉपीज!"

"म्हंजे एकाचे चाळीस बाबाराव झाले," उमेरा म्हणाली. "चाळीस तिकडे पुंडलिकराव हाय. हां कोणीच म्हणून नाई राह्यलं."

इंदुताईंची सर्व्हिस मात्र उत्तम चालली होती. प्रत्येक फसलेल्या प्रयत्नागणिक ती रांगेतल्या प्रत्येक मोबाइलवर एक मेसेज धाडत होती: 'प्रिय शेतकरी बंधू, आपली नोंद प्रक्रियेत आहे. कृपया प्रतीक्षा करावी.' खाली नाव, इंदुताई. राजदीपनं ते विश्वासार्हतेसाठी टाकलं होतं.

रांगभर मोबाइल वाजू लागले. एक वाजायचा थांबला की दुसरा. ऊन चढलं तशी माणसं फाटकातून आत आली आणि त्यांनी मेसेजखालचं नाव शोधलं.

"काय जी इंदुताई, कितीक खेपा प्रतीक्षा करा म्हणता? करूनच राह्यलो ना!"

"मेसेज पाठवाले फुरसत हाय, मोजाले नाई!"

"तुमी तं अशा नव्हत्या बा."

सुखीबाई दुपट्टा गळ्यात तसाच ठेवून पुढे आल्या. त्या ओरडल्या नाहीत, हे जास्त वाईट होतं. "बाई, मले वाचता येत नाई," त्या म्हणाल्या. "फोन वाजला की वाटते पैसे जमा झाले. दर खेपेले कुणाले तरी दाखवतो. दर खेपेले तो सांगते, बंधू, थांबा. म्या कोणाची बंधू व?"

इंदुताईंनी त्यांच्या हातातला फोन घेऊन पाहिला. आपण 'होऊ दे' म्हटलं, तेव्हा हे कुणाला होणार होतं, ते आत्ता समोर दुपट्टा घालून उभं होतं. आणि ज्यांनी केलं होतं, त्यातला एक पंख्याखाली सरबत पीत होता आणि दुसरा कूलरसमोर. राग इतका झाला, की त्यांचा आवाज एकदम शांत झाला.

त्या उमेराच्या टेबलाशी गेल्या. "माझ्या सर्व्हिसमधून मी मनाचं लिहू शकतो?"

"तुमची आहे ताई. तुम्हीच मालक." उमेरानं खुर्ची सोडली.

इंदुताईंनी एका बोटानं, पण एकही चूक न करता लिहिलं: 'दोन भावांच्या वाटणीमुळे या जिनिंगमध्ये कापूस घेणे बंद आहे. आपला कापूस वणीला न्यावा. इंदुताई.' मग विचारलं, "अन् गावोगावच्या सगळ्यांले?"

"हे बटण."

त्यांनी ते दाबलं. पदर खोचला, बाहेर आल्या, आणि दोन्ही भावांना दिसेल अशा जागी, काट्याच्या लोखंडी पाटावर, ट्रॉलीशेजारी उभ्या राहिल्या.

"दादा, भाऊजी, ऐका. शेवटचा निरोप हाय, यापुढे निरोप बंद. मी सगळ्या शेतकऱ्यांले कळोलं, का तुमची वाटणी झाली. कापूस वणीला न्या म्हणून सांगतलं. नोंदणीतल्या सगळ्यांले. तुमीच देल्लं ना मले तोंड? वापरलं."

पुंडलिकरावांच्या हातातलं सरबत धोतरावर सांडलं. राजदीप "काकू, प्रॉडक्शनमध्ये? चालू सिस्टिमवर?" एवढंच म्हणू शकला. आणि नेमकं तेव्हाच रांगेतला एक टेम्पो मागे आला, वळला, आणि वणीच्या दिशेनं धूळ उडवत निघून गेला.

"गेला!" बाबाराव किंचाळले. "दादा, पाहून काय राह्यला? सगळे जातीन! थांबव ना इले!"

चार वर्षांनंतरचं ते पहिलं वाक्य होतं. 'दादा' ऐकून पुंडलिकराव क्षणभर गडबडले, मग तेही ओरडले. "तूच थांबव! काटा तुह्या बापाचा हाय ना? सोड वजन!"

"बाप एकच हाय आपला! तू सोड भाव!"

"तू सोड अगोदर!"

"आदर्श कुटुंब," रांगेतून कुणीतरी म्हणालं, आणि हशा झाला. पुरस्काराच्या मेळाव्यात टाळ्याही इतक्या झाल्या नव्हत्या.

"इंदू," पुंडलिकराव शेवटी म्हणाले, "काय पाह्यजे तुले? बोल."

"उमेराचा जुना प्रोग्राम सुरू करा. आत्ता. काटा माझा. तिसरा हिस्सा माझा, अन् तो क्लाउडवर नाई, जमिनीवर. अन् तुमाले एकमेकाशी बोलाचं असन तं तोंडानं बोला, देवानं तुमाले बी देल्लं हाय." त्या ट्रॉलीवर हात ठेवून म्हणाल्या, "इथंच म्हणा. सुखीबाईंसमोर."

आधी पुंडलिकराव 'हो' म्हणाले. कोण आधी म्हणतं याच्यावर जन्मभर वाद घालणारे बाबाराव त्याच दमात 'हो' म्हणाले, बरोबरी व्हावी म्हणून. सुखीबाईंनी दोघांकडे पाहिलं आणि त्यांना खात्री वाटली नसावी, कारण त्या म्हणाल्या, "जोरानं म्हणा." दोघं जोरानं म्हणाले.

उमेरानं जुना प्रोग्राम सुरू केला. पहिली ट्रॉली मोजायला जितका वेळ लागायचा तितकाच लागला. इंदुताईंनी पावतीवर सही केली. सुखीबाईंनी घडी घालून ती कमरेला खोचली. रांग पुढे सरकू लागली. राजदीप कोपऱ्यात बसून चाळीस बाबाराव एकेक करून बंद करत होता.

"इंदू," पुंडलिकराव काट्याच्या खिडकीशी आले. या खिडकीशी ते बऱ्याच वर्षांत स्वतः आले नव्हते. "तो मेसेज. गावोगाव गेलेला. आता दुसरा पाठव ना बाई, का खरेदी सुरू हाय म्हणून. वणीला गेलेला मानूस वापस थोडी येते."

"पाठवतो," इंदुताई म्हणाल्या. जिंकलेल्या माणसाला उदार व्हायला फारसं लागत नाही. बाबारावांना दोन गाड्यांपुरतं काट्यावर उभं करून त्या उमेराच्या टेबलाशी गेल्या. उमेरा स्क्रीनकडे पाहत होती आणि ओठ दाबून हसू थांबवत होती. तेवढ्यात फाटकातून मघाचाच टेम्पो आत आला. ड्रायव्हरच्या गालात तंबाखू-सुपारीचा खर्रा होता. तेवढ्यासाठीच तो नाक्यापर्यंत जाऊन आला होता.

"उमेरा, सगळ्यांले लिही. खरेदी सुरू हाय."

"ताई, तो नाही जाणार."

"काहून?"

"पहिला बी गेला नाही. मेसेजचा मजकूर मोबाइल कंपनीकडून आधी मंजूर करून घ्यावा लागतो. आपला एकच मंजूर आहे, प्रतीक्षा करावीवाला. मंजूर नसलेला कोणालेच जात नाही."

इंदुताईंनी खिडकीतून बाहेर पाहिलं. दोघं भाऊ काट्याशी एका पिकअपच्या वजनावरून समोरासमोर भांडत होते, आणि मेसेज गेलाच नाही हे दोघांनाही ठाऊक नव्हतं.

"मंजूर व्हायले किती वेळ लागते?" त्यांनी विचारलं.

"आठवडाभर," उमेरा म्हणाली. "सुट्ट्या सोडून."